गावाचं पाणी आणि गावाचा पैसा एकाच वहीत कसा मांडायचा: परिस्थितिकीय अर्थशास्त्रातल्या शिवार-अभ्यासाचा क्रम

अर्थशास्त्राचा एक विद्यार्थी, भूजलाचा एक आणि वनस्पतिशास्त्राची एक, असे तिघं मिळून एखादं गाव धरतात. वर्षभरानं अहवाल येतो. त्यात पाणी, झाडोरा आणि उत्पन्न अशी तीन प्रकरणं असतात आणि शेवटी ‘एकात्मिक निष्कर्ष’ म्हणून दीड पान. या दीड पानात एकही असा आकडा नसतो, जो काढायला तिघांची मोजणी लागली असेल. असे अहवाल मी बरेच तपासले आहेत. पहिला माझ्याच हातचा होता.

गडबड बहुतेक वेळा क्रमात असते. प्रश्नावली आधी छापली जाते आणि विहिरी नंतर मोजल्या जातात. मग कुटुंबाचं उत्पन्न एका कागदावर, विहिरीची पातळी दुसऱ्यावर, आणि दोघांना जोडणारा धागा कुठेच नाही.

खालचा क्रम दख्खनच्या काळ्या खडकावरच्या (बेसाल्टवरच्या), पर्जन्यछायेतल्या गावांसाठी आहे: अहिल्यानगर, सोलापूर, बीड, पुण्याचे पूर्वेकडचे तालुके. कोकणातल्या खाजणांना किंवा गडचिरोलीच्या बांबूच्या जंगलाला तो जसाच्या तसा लावू नका.

## १. तयारी: प्रश्न एका वाक्यात आणि तिघांचा

एप्रिलमध्ये, गावात पाऊल टाकण्याआधी, तिघांनी एका टेबलावर बसून प्रश्न लिहायचा. उदाहरणार्थ: ‘या शिवाराखालच्या पाण्यावर कोणती पिकं किती क्षेत्रात टिकतात, आणि त्यातला फायदा-तोटा कुणाच्या पदरात पडतो?’ हे वाक्य नीट पाहा. ‘किती’साठी भूजलवाला लागतो, ‘टिकतात’साठी ओढा आणि झाडोरा पाहणारी लागते, ‘कुणाच्या पदरात’साठी अर्थशास्त्रवाला. तिघांपैकी एकाला बाजूला काढून उत्तर देता येत असेल, तर तो आंतरविद्याशाखीय प्रश्न नाही. पुन्हा लिहा.

त्याच बैठकीत एकक ठरवा. आम्ही घनमीटर धरतो. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, हे तिघांच्याही वहीच्या पहिल्या पानावर हवं. हजार घनमीटरला सरकारी कागदांत टीसीएम म्हणतात.

सावधान: सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो आणि शेतकरी एकर-गुंठ्यात बोलतो. १ एकर म्हणजे ४० गुंठे, पण ४०.४७ आर. गुंठा आणि आर जवळपास सारखे असल्यानं चूक दिसत नाही. खरी चूक ‘हे. ०.८०’ ला घाईत ०.८० एकर वाचण्यात होते, आणि क्षेत्र अडीच पटीनं घसरतं.

## २. सीमा आणि वर्ष

गाव महसुली असतं, पाणी पाणलोटात वाहतं. दोन्हींच्या सीमा क्वचितच जुळतात. पाण्याचा हिशोब पाणलोटाचा करायचा, माणसांची यादी गावाची करायची, आणि दोन्हींत न बसणारं क्षेत्र वेगळ्या रंगानं नकाशावर दाखवायचं. गावातल्या माणसाची शेजारच्या गावातली जमीन उत्पन्नात धरायची, पाण्यात धरायची नाही. हा नियम आधी लिहून ठेवला नाही तर पुढे प्रत्येक जण आपापल्या सोयीनं धरतो.

वर्षाचा घोटाळा याहून मोठा. पाण्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. महसुली वर्ष १ ऑगस्टपासून. सोसायटी, बँक आणि पंचायतीचं एप्रिल ते मार्च. त्यात आडसाली उसानं तर दोन पाणीवर्षं खाल्लेली असतात: जुलै-ऑगस्टला लागण, तोड दीड वर्षानं. पैसा एका वर्षी आला, पाणी दोन वर्षांचं गेलं. उसाचं पाणी महिन्यागणिक वाटून टाका आणि उत्पन्नही त्याच प्रमाणात वाटा.

तपासणी: तुमचं पायाभूत वर्ष कोणतं? २०१८ ला राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि २०१९ चा पाऊस राज्यात सरासरीहून बराच जास्त झाला. २०१८ ला ‘आधी’ आणि २०१९ ला ‘नंतर’ धरलं तर कोणतीही योजना यशस्वी ठरते. पावसाची किमान दहा वर्षांची आकडेवारी मांडून तुमची दोन वर्षं त्यात कुठे बसतात ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ३. विहिरींची यादी आणि दुवा-तक्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पंधरा दिवस गेले तरी चालतील.

आम्ही पहिल्या खेपेला घरोघरी विचारलं, ‘विहीर आहे का?’ उत्तरं जोडून ४१ विहिरी भरल्या. नंतर शिवार पायी फिरलो तेव्हा २६ निघाल्या. तीन भावांची एक विहीर, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि तिघंही ‘आहे’ म्हणतात. खोटं कुणीच बोललं नव्हतं. आमचा पाण्याचा उपसा मात्र दीडपट फुगला होता आणि तो फुगवटा आम्ही ‘अतिउपसा’ म्हणून छापायच्या बेतात होतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी शिवार फिरायचं, घरं नंतर. सोबत गावातला विहिरी खोदणारा किंवा मोटार बसवणारा घ्या. तलाठ्याच्या दप्तरापेक्षा त्याला जास्त माहीत असतं: कुठे मुरूम किती फुटांवर संपतो, कुठे मांजऱ्या खडक लागला, कुठे गेरूचा थर आला. प्रत्येक विहिरीला आणि बोअरला क्रमांक द्या आणि मालकाला विचारून कठड्यावर रंगानं लिहा. कठड्याची जमिनीपासूनची उंची तेव्हाच मोजून ठेवा, पुढे लागते.

मग दुवा-तक्ता. हा या कामाचा कणा. भूजलवाल्याची ओळ विहीर असते, अर्थशास्त्रवाल्याची कुटुंब, झाडोरा पाहणारीची जमिनीचा तुकडा. तीन वेगळ्या ओळी एकमेकींना आपोआप जोडल्या जात नाहीत. दुवा-तक्त्यात प्रत्येक ओळ अशी: विहीर क्रमांक, तिच्यावर भिजणारा गट नंबर, पोटहिस्सा, कसणारं कुटुंब, पाळीचा हिस्सा, हंगाम. एका गटाला दोन विहिरी असतील तर दोन ओळी. एका विहिरीवर तीन कुटुंबं असतील तर तीन ओळी आणि पाळीचा हिस्सा एक तृतीयांश. मालक वेगळा आणि कसणारा वेगळा असेल, अर्धेलीनं किंवा खंडानं दिलेली जमीन असेल, तर कुटुंब कसणाऱ्याचं लिहा आणि मालक शेजारच्या रकान्यात.

तपासणी: कोणताही एक गट डोळे मिटून निवडा. त्याचं पाणी कोणत्या विहिरीचं, पीक कोणतं, कुटुंब कोणतं, हे तिघांपैकी कुणालाही अर्ध्या मिनिटात सांगता आलं पाहिजे. दहापैकी नऊ गट जमले तरच प्रश्नावली छापा.

सावधान: बोअरचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करू नका. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात विहिरींच्या नोंदणीचं आणि खोलीचं बंधन आहे, त्यामुळे तुमचा नकाशा कुणाच्या तरी विरुद्ध पुरावा होऊ शकतो. तारेवर आकडा टाकून घेतलेल्या विजेबद्दलही तेच. गावानं तुम्हाला विश्वासानं शिवार दाखवलेलं असतं.

## ४. मोजणी

पाऊस. महसूल मंडळातल्या केंद्राचा आकडा मिळतो, पण आपल्या भागात वळीव एका वाडीवर कोसळतो आणि पलीकडची कोरडी राहते. शिवारात स्वतःची दोन पर्जन्यमापकं लावा, एक चढावर आणि एक ओढ्याकाठी. रोज सकाळी साडेआठला वाचन. हे काम शाळेतल्या मुलांना दिलं तर होतं, पण सुट्टीत कोण वाचणार ते आधी ठरवा. दिवाळीच्या सुट्टीतला परतीचा पाऊस आमचा असाच कोरा गेला.

पातळी. पावसाआधी मे अखेर, पाऊस संपल्यावर ऑक्टोबर, आणि मध्ये शक्य तितक्या वेळा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या पाणलोटातली अशी विहीर शोधून त्याच आठवड्यात आपली मोजणी करा, म्हणजे जुन्या नोंदींशी तुलना जमते. टेप सोडून आलेल्या आकड्यातून कठड्याची उंची वजा करायची. मोटार चालू असताना किंवा नुकती बंद झालेली असताना मोजलेली पातळी खडकातल्या पाण्याची नसते, फक्त विहिरीतल्या खड्ड्याची असते. शेतीची वीज पाळीपाळीनं कधी दिवसा, कधी रात्री येते. त्या आठवड्याचं वेळापत्रक खिशात ठेवा आणि वीज येण्याआधी पोचा. जाताना दोघं जा, आणि कठडा नसलेल्या विहिरीवर वाकू नका.

उपसा. मोटारीच्या एचपीवरून काढू नका. बिलावर पाच असतं आणि रिवाइंड करून आणलेल्या मोटारीत साडेसात. त्यापेक्षा दोनशे लिटरचं बॅरल पाइपाखाली धरा आणि घड्याळ लावा. २५ सेकंदांत भरलं तर सेकंदाला ८ लिटर, तासाला २८.८ घनमीटर, आठ तासांत सुमारे २३०. हेच पाणी एका एकरावर सोडलं तर ५७ मिलिमीटर भरतं. शेतकरी ‘एक पाणी दिलं’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय, ते या एका मोजणीनं कळतं. मार्चमध्ये पुन्हा मोजा, धार बारीक झालेली असते.

शेततळं. कागदावर ३० × ३० × ३ मीटर. गुणाकार करून २,७०० घनमीटर लिहिणारे मी दर वर्षी पाहतो. बाजूंना उतार असतो. दीडास एक उतार धरला तर तळ २१ × २१ चा राहतो आणि साठा भरतो सुमारे १,९७० घनमीटर. याहून महत्त्वाचा प्रश्न: ते भरलं कशानं? आपल्याकडची बरीच प्लास्टिक अंथरलेली तळी पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरत नाहीत. विहिरीचं पाणी उपसून भरतात. म्हणजे ताळेबंदात ते नवीन पाणी नव्हे. सामाईक खडकातलं पाणी एकाच्या प्लास्टिकवर गेलं, आणि वरून ते उन्हात ठेवलं. दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर भरलेल्या तळ्यावरून रोज सात घनमीटर उडून जातं.

ओढा. तो कधी आटला हा आकडा फार मोलाचा, कारण ओढ्याचं उशिरापर्यंत वाहणं म्हणजे खडकातून झिरपून येणारं पाणी. म्हाताऱ्या माणसांना विचारा, पण तारीख मागू नका. ‘पाडव्याला पाणी होतं का? होळीला गुरं कुठे पाजली?’ असं विचारा. मग त्या वर्षाचं पंचांग काढून तारीख लावा. पाडवा २०२३ ला २२ मार्चला होता आणि २०२४ ला ९ एप्रिलला. अधिक महिन्यानं अठरा दिवस सरकवले. दोन्ही वर्षी ‘पाडव्यापर्यंत वाहिला’ म्हणजे ओढा सारखाच वाहिला, असं होत नाही. संक्रांत मात्र जागची हलत नाही, ती चांगली खूण.

## ५. घरं आणि माणसं

आता प्रश्नावली. नमुना जमिनीच्या आकारावरून नको, पाण्यावरून काढा: उन्हाळ्यात पाणी असलेले, रब्बीपुरते पाणी असलेले, कोरडवाहू, आणि भूमिहीन. दहा एकर कोरडवाहूवाला आणि दोन एकर बारमाहीवाला यांना जमिनीच्या तक्त्यात उलटे मान मिळतात.

‘बोअर आहे का?’ ऐवजी ‘आजवर किती बोअर मारले, किती फुटांवर, आणि आता किती चालू आहेत?’ असं विचारा. कोरडे गेलेले बोअर माणूस आपणहून सांगत नाही. एका काकांनी मला आधी ‘एक बोअर’ सांगितला होता. चहा झाल्यावर बांधावर नेऊन त्यांनी दगड ठेवून बंद केलेली तीन भोकं दाखवली. कर्ज त्या तिघांचं होतं आणि नफ्याच्या तक्त्यात आलेला होता चौथा.

पाणी आणणाऱ्या बाईचा वेळ तिलाच विचारा, घरातल्या पुरुषाला नाही. आणि गावात घर नसलेल्यांना विसरू नका. सुगीनंतर येणारे धनगर रानात मेंढ्या बसवतात, लेंडीखत पडतं, बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. ही देवाणघेवाण ना कुटुंबांच्या यादीत येते ना खतांच्या खर्चात. पडीक रान डाळिंबाखाली गेलं की ती थांबते, आणि तुमच्या तक्त्यात फक्त डाळिंबाचं उत्पन्न वाढलेलं दिसतं.

## ६. आधी पाण्याचा ताळेबंद, रुपया नंतर

उदाहरणासाठी कल्पित गाव घेऊ. पाणलोट ८०० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर. म्हणजे वरून पडलं ४,००० टीसीएम. विहिरींची पातळी मेपासून ऑक्टोबरपर्यंत सरासरी ४ मीटर चढली. बेसाल्टसाठी विशिष्ट उत्पन्न, म्हणजे खडकाच्या घनफळापैकी पाणी म्हणून निघणारा हिस्सा, १ ते ३ टक्के, साधारण २ धरतात. ८०० हेक्टर × ४ मीटर × २ टक्के म्हणजे ६४० टीसीएम.

१ टक्का धरला तर ३२०, ३ धरला तर ९६०. तीन पटींचा फरक, आणि कारण एकच गृहीतक. हा पट्टा अहवालाच्या पहिल्या पानावर द्या, परिशिष्टात लपवू नका.

आता वाटप. माणशी रोज ५५ लिटर, लोकसंख्या २,०००: वर्षाला ४० टीसीएम. आकडा लहान वाटतो, पण हा आधी बाजूला काढायचा आणि मे महिन्यासाठी राखायचा. त्याला रुपयात बदलायचं नाही. मग जनावरं. उरलेल्यात शेती. हेक्टरी उसाला वर्षाकाठी ढोबळमानानं २०,००० घनमीटर धरले, पावसाचा वाटा न वजा करता, तर पिण्याचं पाणी न वगळताही सगळे ६४० टीसीएम ३२ हेक्टरांत संपतात. रब्बी ज्वारीला संरक्षित पाणी म्हणून हेक्टरी २,००० घनमीटर दिले तर तेच पाणी ३२० हेक्टरांना पुरतं. दुसरं कुणी काही बोलायच्या आधी ही दोन वाक्यं तिघांनी एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवावीत.

तपासणी: उपसा दोन वाटांनी काढा. एक, बॅरल × तास × दिवस. दोन, पीकक्षेत्र × किती वेळा पाणी दिलं × एका पाण्याचे मिलिमीटर. क्षेत्रासाठी ई-पीक पाहणीवर विसंबू नका. जानेवारीतलं उपग्रह चित्र आणि पायी फेरी यांनी पडताळा. दोन वाटांत पाव हिश्श्याहून जास्त फरक आला तर मी पुढे जात नाही, दुवा-तक्त्याकडे परततो. चूक नव्वद टक्के वेळा तिथेच सापडते.

सावधान: ठिबकनं ‘वाचलेलं’ पाणी दोनदा मोजू नका. पाटानं दिलेल्या पाण्यातलं काही झिरपून खालच्या विहिरीत जातं. ठिबक आल्यावर ते झिरपणं कमी होतं, आणि वाचलेल्या पाण्यावर मालक आणखी दोन एकर लावतो. मोटारीच्या तोंडाशी बचत दिसते, पाणलोटात पातळी खाली जाते. शेताचा फायदा आणि शिवाराचा फायदा अशा दोन वेगळ्या ओळी लिहा.

## ७. आता रुपये

खर्च लिहिताना कोणता खर्च ते स्पष्ट करा. कृषी मूल्य आयोगाच्या पद्धतीत ए२ म्हणजे खिशातून गेलेला खर्च, भाड्याच्या जमिनीचा खंड धरून. त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की ए२ अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही धरलं की सी२. एकाच तक्त्यात उसाला ए२ आणि ज्वारीला सी२ लावलेला मी पाहिला आहे. सांगायला नको, ऊस जिंकला होता.

भाजक बदलून पाहा. एकरी नफा, घनमीटरी नफा आणि दिवसाच्या मजुरीमागे नफा, असे तीन रकाने. जमीन कमी आहे तिथे पहिला बोलतो, पाणी कमी आहे तिथे दुसरा. एका हंगामाच्या भावावर घनमीटरची किंमत ठरवू नका. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली. त्या महिन्यात कुणी कांद्याच्या पाण्याचं मोल काढलं असतं तर ते पाण्याचं निघालं नसतं, दिल्लीतल्या एका आदेशाचं निघालं असतं. किमान तीन वर्षांचे भाव घ्या.

शेतीपंपाची वीज माफ असेल तर शेतकऱ्याच्या खर्चात शून्य लिहा, पण समाजाच्या खर्चात ती युनिटनं मांडा. कोरडे बोअर, शेजाऱ्याची विहीर खोल करण्याचा खर्च आणि मे महिन्यातला टँकर हे ज्यांनी सोसले त्यांच्या नावापुढे लिहा. ज्यांच्या उपशानं ते घडलं त्यांचं नाव अहवालात येणार नाही, गट येईल: ‘बारमाही पाणी असलेली कुटुंबं’.

सावधान: परिसंस्थेची किंमत म्हणून जगाचा सरासरी आकडा उचलू नका. १९९७ मध्ये कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी साऱ्या पृथ्वीच्या परिसंस्था-सेवांचा अंदाज वर्षाला सुमारे ३३ लाख कोटी डॉलर असा मांडला. त्यातला गवताळ प्रदेशाचा हेक्टरी दर घेऊन आपल्या गायरानाला गुणणं म्हणजे मुंबईच्या भाड्यावरून पाड्यातल्या झोपडीचं भाडं काढणं. गायरानात किती शेळ्या किती महिने चरल्या आणि तेवढा चारा विकत घ्यावा लागला असता तर किती पडला असता, एवढं मोजा. ज्याला भाव लावता येत नाही, त्याची स्वतंत्र ओळ त्याच्याच एककात ठेवा: ओढा वाहिल्याचे दिवस, टँकरच्या खेपा, पाण्यासाठी गेलेले तास. सगळ्याची एकच बेरीज करायचा मोह होतो. करू नका.

## ८. गावात वाचन

छापण्याआधी ग्रामसभेत वाचा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाचा, रब्बीची पेरणी ठरायच्या आत. मे महिन्यात वाचलेला ताळेबंद म्हणजे जेवण झाल्यावर दाखवलेला हिशोब. हिवरे बाजारला दर वर्षी पाऊस मोजून, उपलब्ध पाण्यावरून पिकं ठरवली जातात. तिथे सिंचनासाठी बोअर न घेण्याचा गावाचा निर्णयही आहे, आणि त्याशिवाय तो ताळेबंद नुसता कागद राहिला असता.

वाचताना टीसीएम हा शब्द उच्चारू नका. ‘आपल्याकडे या वर्षी इतक्या एकर ज्वारीचं किंवा इतक्या एकर उसाचं पाणी आहे’ असं सांगा. कुणाचंही नाव घेऊ नका. लोक आपापसांत घेतीलच. एखादा उठून म्हणेल, ‘अहो, आमच्या वरच्या विहिरीचं पाणी तुम्ही खालच्याला लावलंय.’ वहीत लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत शिवारात जाऊन पाहा. आमच्या दोन ओळी अशाच दुरुस्त झाल्या आणि उपसा ११ टीसीएमनं उतरला.

निघताना विहिरींच्या यादीची आणि दुवा-तक्त्याची एक प्रत, नावं काढून, पंचायतीत ठेवा. पर्जन्यमापकं काढून नेऊ नका.